हजेरीपटावरची गावं

गोंडवाना विद्यापीठ 2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, ते गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी. ऐकायला दोनच जिल्हे. पण एकट्या गडचिरोलीचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे माझ्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. वर्गात समोर बसलेली मुलं या एवढ्या मुलखातून येतात, आणि शिकवणारे आम्ही नवे लोक मात्र कोल्हापूर, नांदेड, जळगाव, पुणे अशा ठिकाणांहून. बहुतेकांनी रुजू होताना डोक्यात दोनच चित्रं आणलेली असतात: एक वर्तमानपत्रातलं नक्षलवादाचं, दुसरं थोर समाजसेवकांच्या प्रकल्पांचं. दोन्ही खरी आहेत, पण आमची मुलं त्या दोन्हींत फारशी दिसत नाहीत.

म्हणून हिवाळी सुट्टीत आम्ही नव्या मंडळींनी वर्गणी काढली आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. खर्च आमचा, आखणी आमची, त्यामुळे परिपत्रक नाही, फोटोसाठी बॅनर नाही. मार्ग ठरवायला हजेरीपट पुढे ठेवला. ज्या भागातून एखादा तरी विद्यार्थी आपल्याकडे येतो, तिकडेच जायचं, असं भूगर्भशास्त्राच्या मॅडमनी सुचवलं. त्यांना मुळात सिरोंच्याला जायचं होतं, हे नंतर कळलं.

शुक्रवार: आरमोरी, वैरागड, वडसा

सकाळी बोचरी थंडी. आरमोरीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. कापणी उरकलेली होती. काही शेतांत पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, अजून उभे होते, काही ठिकाणी चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं. उसाच्या मुलखातून आलेल्याला हे सगळं उघडंबोडकं वाटतं. चालक भाऊंना मी विचारलं, "इथे दुसरं पीक घेत नाहीत का?" त्यांनी गाडी थांबवून बांधीत नेलं. धानाच्या खुंटांमधून लाखोळी ही डाळ उगवून आली होती. धान उभं असतानाच ओलीवर बी फेकून द्यायचं, नांगरट नाही, वेगळं पाणी नाही.

इथल्या शेतीचा जीव तलावात आहे. पूर्व विदर्भात हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले, आणि तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात कोणी धरत नसे. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, होती तोवर गाळ काढणं, पाळ (तलावाचा बांध) दुरुस्त करणं, पाणी वाटणं हे गावातच ठरायचं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलताना मामा तलाव. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. पण तलाव गावाचा न राहता कुठल्या तरी खात्याचा झाला आणि गाळ साचत गेला. अर्थशास्त्राच्या तासाला सामायिक साधनसंपत्तीची उदाहरणं मी आजवर परदेशी मासेमारीची देत होतो. आरमोरीजवळच्या एका पाळीवर उभं राहून बेशरमाच्या झुडपांनी भरलेलं ते पाणी बघताना उदाहरण बदलायचं ठरवलं.

धानाचा विषय निघाला की दादाजी खोब्रागडे यांचं नाव निघतंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे शेतकरी. शाळा जेमतेम दोन-तीन यत्ता. स्वतःच्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं पेरून त्यांनी बारीक दाण्याचं वाण काढलं आणि त्या वेळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला दिलं, एचएमटी. आज हा तांदूळ विदर्भाबाहेरही खाल्ला जातो. दादाजी 2018 मध्ये गेले. आमच्यातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना एचएमटी हे एखाद्या संशोधन केंद्राचं नाव असेल असं वाटत होतं. ते बराच वेळ गप्प होते.

वैरागडला धावतं दर्शन घेतलं. एकेकाळी हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. आता किल्ल्याची भक्कम तटबंदी आहे आणि आत झाडोरा. इतिहासाचे सर आणखी तासभर थांबायला तयार होते, पण बाकीच्यांना रात्रीच्या नाटकाची ओढ लागली होती.

वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज. दिवाळीनंतर इथे झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्यातल्या नाटकांचा, हंगाम सुरू होतो. मुख्य रस्त्यावर दुकानांच्या रांगेत नाटक कंपन्यांची कार्यालयं: शटर, टेबल, तारखांची वही आणि भिंतभर पोस्टर. गावोगावची मंडळं इथे येऊन तारीख धरतात. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक हा ठरलेला बेत. कुठल्याही अनुदानाची वाट न बघता, तिकीट विक्रीवर एवढा हंगाम उभा राहतो, हे पुण्या-मुंबईच्या नाट्यवर्तुळाला सांगूनही पटत नाही. याच भागातले कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाहेरच्या लोकांनी झाडीपट्टी हा शब्द शोधून बघितला.

आम्ही गेलो ते वडशाजवळच्या एका खेड्यात. कापडी कनाती, जमिनीवर तणस पसरलेलं, पुढे बायका-पोरं पांघरुणं घेऊन बसलेली. दहाला सुरू व्हायचं नाटक अकराच्या पुढे सुरू झालं आणि कोणाचीच तक्रार नव्हती. सासू, सावकार, परत आलेला मुलगा, मधूनच लावणी, आणि प्रत्येक वळणावर गाणं. इंग्रजीच्या सरांनी पहिल्या अंकात नाक मुरडलं. दुसऱ्या अंकात विनोदी नट धानाच्या हमीभावावर बोलायला लागला आणि अख्खा मांडव उसळला, तेव्हा सर पुढे सरकून बसले.

मध्यंतरात ऑक्टोपॅडवरचा मुलगा खाली उतरला आणि थेट आमच्याकडे आला. "सर, तुमी अठी कसे?" माझ्याच एम.ए.च्या वर्गातला. हंगामात दर सोमवारी गैरहजर असणारा. शनिवार-रविवारी रात्रभर वाजवायचं, सोमवारी घरी जाऊन झोपायचं, आणि मिळणाऱ्या पैशांत खोलीचं भाडं व मेसचा खर्च भागवायचा, हे त्याने चहा पिता पिता सांगितलं. मी त्याच्या नावापुढे लाल शाईने काय काय लिहून ठेवलं होतं, ते मात्र मी सांगितलं नाही. तिसरी घंटा झाली आणि तो पळाला. नाटक संपलं तेव्हा पूर्वेला फटफटायला लागलं होतं.

शनिवार: मेंढा आणि शोधग्राम

झोप गाडीतच काढली. गडचिरोलीहून धानोरा रस्त्याला मेंढा (लेखा) लागतं. बाहेरून पाहिलं तर शंभरेक घरांचं नीटनेटकं गोंड गाव. याच गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा दिली. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला.

पण हक्काचा कागद हातात आला तरी बांबू तोडून विकता येईना. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणती झाडात होती. 2006 च्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं. एक कायदा म्हणतो झाड, दुसरा म्हणतो वनोपज, आणि मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला, हे शाळेतलं पोर सांगेल. कायद्याला तिथवर यायला फार वर्षं लागली.

गोटुलच्या, म्हणजे गोंड गावाच्या सामायिक घराच्या, सावलीत बसून बोलणं झालं. ग्रामसभेत मतदान होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा आणि अभ्यास गटात पुन्हा चर्चा करायची. आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "मग निर्णयाला उशीर नाही होत?" समोरचे म्हातारबाबा म्हणाले, "होते ना. पण झाला निर्णय का मंग कोनी मोडत नाही." नंतर त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडं निर्णय कसा घेता?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोणीतरी खरं सांगून टाकलं, "पत्र येतं." सगळे हसले, म्हातारबाबा जरा जास्तच.

मला खटकलेलं एक: मेंढ्याकडे आता बाहेरून येणाऱ्यांची रीघ असते, आणि प्रत्येकाला तीच कहाणी हवी असते. त्यांचा वेळ जातो, त्याचं काय? आम्हीही त्याच रांगेतले. निदान ग्रामसभेच्या हिशेबाच्या वह्या मांडायला आमचे विद्यार्थी उन्हाळ्यात येऊ शकतात का, एवढं विचारून आलो. "ग्रामसभेत ठेवतो," असं उत्तर मिळालं. ते टाळण्यासाठी नव्हतं, तीच तिथली पद्धत.

दुपारनंतर चातगावजवळचं शोधग्राम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचं काम सुरू केलं. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या गावातल्या आरोग्यदूत बायका, आणि त्या कामातून नवजात मृत्यूदर 60 टक्क्यांहून अधिक खाली आल्याचं दाखवणारा 1999 मधला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध. आज देशभरातल्या आशा सेविका नवजात बाळाच्या भेटी घेतात, त्या पद्धतीचं मूळ इथलं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम बाहेर पडताना म्हणाल्या, "आमच्या प्रयोगशाळेत उपकरण नाही म्हणून अडून बसलेले प्रबंध किती आहेत बघा." हे थोडं आमच्या सगळ्यांनाच लागलं.

रविवार: मार्कंडा ते भामरागड

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून विदर्भाची काशी. महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा देवळात मोजकी माणसं होती. भिंतींवरचं कोरीवकाम असं की खजुराहोची आठवण काढल्याशिवाय कोणी वर्णन पुरं करत नाही. मी काढणार नाही. त्यापेक्षा नदीच्या पात्रात उतरलो तर बरं वाटलं. लांबवर पसरलेली वाळू आणि मधून चाललेली निळी धार.

पुढे चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली गावं लागतात. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली कुटुंबं 1960 च्या दशकात इथल्या जंगलात वसवली गेली. घराशेजारी तळं, तळ्यात मासे, अंगणात तुळस. रसायनशास्त्राच्या मॅडमची पीएच.डी. कोलकात्याची. एका हॉटेलात त्यांनी हौसेने बंगालीत चहा मागितला. हॉटेलवाले काका खूश झाले, दोन वाक्यं बंगालीत बोलले आणि मग म्हणाले, "आमची पोरं तर आता मराठीतच भांडून राहिली, मॅडम." माझ्या वर्गात ‘मंडल’ आडनावाची मुलगी आहे. पहिल्या दिवशी मी तिला ‘बाहेरून आलीस का’ असं विचारलं होतं. बाहेरून आलेला मी.

आष्टी सोडलं की रान दाट होत जातं. आलापल्लीचं ‘वनवैभव’ हे जुनं सागवान 2014 मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालं. सरळसोट वर गेलेले खोड बघायला मान मोडावी लागते. पण संध्याकाळच्या आत भामरागड गाठायचं होतं, त्यामुळे तिथे थोडक्यात आटोपलं.

हेमलकसा सगळ्यांना माहीत असतं. बाबा आमट्यांनी 1973 मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. 2008 चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला. तिथे मी दवाखान्यापेक्षा शाळेपाशी रेंगाळलो. माडिया ही आदिवासी भाषा बोलणारं मूल पहिलीत येतं आणि फळ्यावर मराठी. ती उडी ज्यांनी मारली, त्यातलेच थोडे पुढे आमच्यापर्यंत पोचतात. आमच्याकडे मग आम्ही त्यांना इंग्रजी संदर्भग्रंथांची यादी देतो आणि वर विचारतो, प्रश्न का विचारत नाही?

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम. पलीकडचा काठ छत्तीसगडचा. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी येते. आम्ही ती गडचिरोलीत बसून वाचतो आणि पान उलटतो. पुलाशी टपरीवर एक माजी विद्यार्थी भेटला, आता आश्रमशाळेवर शिक्षक आहे. तो सांगत होता, "परीक्षा असली की आम्ही दोन दिवस आधीच गडचिरोलीत येऊन पडायचो सर. कोणाच्या तरी खोलीवर. पाऊस आला तर पेपर गेला." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. एसटीची वेळ सांगावी तसं सांगत होता.

सोमवार: सिरोंचा

आलापल्ली ते सिरोंचा हा रस्ता नावापुरताच होता. काही ठिकाणी गाडीपेक्षा चालणं बरं पडलं असतं. भूगर्भशास्त्राच्या मॅडम तेवढ्या उत्साहात होत्या, कारण हा त्यांचा दिवस.

सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून भूगर्भशास्त्रात इथल्या खडकांच्या थरांना ‘कोटा फॉर्मेशन’ हे नाव रूढ आहे. प्राणहिता-गोदावरीच्या या खोऱ्यात ज्युरासिक काळातले थर उघडे पडतात. कोटासॉरस आणि बारापासॉरस हे भारतातले नावाजलेले डायनासोर याच थरांतले. बारापासॉरसचा सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, त्याचं पूर्ण नाव रवींद्रनाथ टागोरांवरून ‘बारापासॉरस टागोराय’ असं ठेवलेलं. वडधमच्या जीवाश्म उद्यानात मॅडमनी आम्हाला एका लांबलचक दगडाशी नेलं. दगड नव्हताच तो, झाडाचं खोड होतं. साल, गाठी, आडव्या रेषा, सगळं जसंच्या तसं, फक्त हात लावला की थंड. "आमची मुलं याच्यावर बसून डबा खातात," तिथल्या माणसाने सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारला, मग त्याही शेजारी टेकल्या.

सिरोंच्यात बाजारात तेलुगू, घरात तेलुगू, कचेरीत मराठी. इंग्रजांच्या काळात अपर गोदावरी नावाचा जिल्हा होता, त्याचं मुख्यालय हेच गाव. आज जिल्ह्याचं हे अगदी टोक. पलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम, मध्ये गोदावरी-प्राणहितेचा संगम. थोडं खाली तेलंगणाने बांधलेला मेडीगड्डा बंधारा, 2019 मध्ये सुरू झालेला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले तेव्हा देशभर बातमी झाली. अलीकडच्या काठावरच्या शेतकऱ्यांचं बोलणं त्याच्या किती तरी आधीपासूनचं आहे: पाणी साठवलं की शेत बुडतं, दारं उघडली की काठ खचतो. एका शेतकऱ्याने मिरचीच्या वावरातून नेऊन तुटलेला काठ दाखवला. मोबदल्याचा अर्ज कोणत्या राज्याच्या कोणत्या टेबलावर आहे, हे सांगताना त्याने चार कार्यालयांची नावं घेतली. सार्वजनिक वित्ताच्या पेपरला यापेक्षा अवघड प्रश्न मी काढू शकणार नाही.

मंगळवार: बल्लारपूर, चंद्रपूर

परतीला आष्टी-गोंडपिपरीमार्गे बल्लारपूर. कागद कारखान्याच्या आवारात बांबू आणि लाकडाचे ढीग. जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारावर कारखान्याला देण्याला मेंढ्याने विरोध केला होता, तो हाच कारखाना. शनिवारी ज्या जंगलात उभे होतो त्याचं दुसरं टोक इथे होतं. कारखान्यावर पोट असलेली कुटुंबं बल्लारपुरात आहेत, त्यांची मुलंही आमच्याच वर्गात बसतात. मेंढ्याचा मुलगा आणि बल्लारपूरची मुलगी एकाच बाकावर बसवून बांबूच्या दराची चर्चा घडवायची, असा बेत मी मनात केला. राज्यशास्त्राच्या मॅडमनी लगेच तो संयुक्त तास करून टाकला.

चंद्रपुरात शिरताना पठाणपुरा दरवाजा. गोंड राजांनी बांधलेला परकोट शहराभोवती अजून उभा आहे, आणि दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह. बाजूने कोळशाचे ट्रक, मागे औष्णिक केंद्राचा धूर. 2,920 मेगावॅट क्षमतेच्या या केंद्राची वीज राज्यभर जाते, धूळ इथेच राहते. अंचलेश्वर मंदिराजवळच्या गोंड राजांच्या समाध्या पाहिल्या. मग जिल्हा कारागृहाच्या बाहेर थांबलो. 1858 साली 21 ऑक्टोबरला, इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे वीर बाबुराव शेडमाके यांना इथे फाशी दिलं गेलं. वय पंचविशीचं, म्हणजे आमच्या पीएच.डी.च्या मुलांएवढं. इतिहासाच्या सरांनी कबूल केलं की पश्चिम महाराष्ट्रात 1857 शिकवताना त्यांनी हे नाव एकदाही घेतलेलं नव्हतं.

संध्याकाळी नाश्त्याला थांबलो तेव्हा दारूबंदीचा विषय कोणीतरी काढला. गडचिरोलीत 1993 पासून बंदी, चंद्रपुरात 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. एकाच विद्यापीठाच्या दोन जिल्ह्यांत दोन कायदे, मध्ये वैनगंगेचा पूल. समाजशास्त्राच्या सरांना इथे प्रबंधाचे निदान तीन विषय दिसले आणि त्यांनी ते रुमालाच्या कागदावर लिहिलेही.

मूल-सावलीच्या रस्त्याने परतताना गाडीत वाद पेटला तो अंतर्गत परीक्षांवरून. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, त्यात पूर, मेमध्ये तेंदूपत्ता (विडीची पानं) तोडणी. दोन्ही वेळी निम्मा वर्ग नसतो आणि दोन्ही वेळी आपण चाचणी ठेवतो. इंग्रजीचे सर म्हणाले, शैक्षणिक वेळापत्रक आपल्या हातात नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, अंतर्गत चाचणीची तारीख तर विभागाच्या हातात आहे. त्यावर मतदान घ्यावं असं कोणीतरी सुचवलं आणि मागून आवाज आला, "मतदान नाही, एकमत." गाडी सावली गाव ओलांडून गेली तरी एकमत झालं नव्हतं. कोरची आणि कुरखेडा राहून गेलं, चिमूर आणि ताडोब्याचा काठही राहिला. त्याची वर्गणी किती धरायची, यावर मात्र पुलाच्या आधीच सगळ्यांचं जमलं.